मालगुडीचे स्थानक

बंगळूर म्हटले की मराठी वाचकाला प्रथम शहाजीराजांची जहागीर आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वराच्या देवस्थानाशी निगडित असा १६६९ चा एक कन्नड शिलालेख उपलब्ध आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांनी मल्लापूरच्या या देवाला गाव इनाम दिल्याची नोंद त्यात आहे. ‘काडु’ म्हणजे रान. देव रानातला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः १८९८ च्या प्लेगनंतर, जुन्या पेठेतील दाटीतून बाहेर पडून लोक मोकळ्या हवेत राहावयास गेले आणि शहराच्या उत्तरेस मल्लेश्वरम्, तर दक्षिणेस बसवनगुडी या वसाहती नांदत्या झाल्या. बसवनगुडी म्हणजे नंदीचे देऊळ. (कन्नड ‘गुडी’ आणि आपली पाडव्याची गुढी यांची गल्लत होऊ देऊ नये.)

या दोन नावांचे तुकडे सांधून आर. के. नारायण यांनी ‘मालगुडी’ हे नाव घडविले, असे बंगळुरात मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. व्युत्पत्ती गोड आहे. नारायण यांनी ‘माय डेज’ (१९७४) या आत्मकथनात दिलेली हकिगत मात्र निराळी आहे. १९३० च्या सप्टेंबरात, बंगळुरात, आजीने पाहून दिलेल्या शुभदिवशी त्यांनी एक वही विकत आणली. काय लिहावे ते सुचत नव्हते. आणि अशा वेळी एक लहानसे रेल्वे स्थानक, नावासकट, जणू आयतेच त्यांच्या डोळ्यांपुढे तरंगत आले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. जन्म मद्रासचा, वडील म्हैसूरला मुख्याध्यापक.

या हकिगतीतील अद्भुताचा अंश बाजूला ठेवला तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दिसले ते स्थानक. त्या काळच्या बंगळुरात डोळ्यांत भरावे असे पुष्कळ होते: राजवाडा, लालबाग, लष्करी छावणीतील प्रशस्त रस्ते. बंगळूरची चित्रे काढणाऱ्यांनी तेच काढले. नारायण यांना दिसले ते ज्याच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही असे गाडी थांबण्याचे ठिकाण. पुढे या स्थानकाभोवती जे गाव उभे राहिले, त्यात मार्केट रोड आहे, कबीर स्ट्रीट आहे, सरयू नदीचा वाळवंटी काठ आहे, अल्बर्ट मिशन शाळा आहे. परंतु प्रवाशाने वाट वाकडी करून पाहावयास यावे असे काहीही नाही. ही उणीव नव्हे. नारायण यांच्या कलेचा पायाच या सामान्यपणावर रचलेला आहे.

‘स्वामी अँड फ्रेंड्स’ची टंकलिखित प्रत इंग्लंडमधील प्रकाशकांकडून साभार परत येत राहिली. ती थेम्स नदीत बुडवून टाक, असे नारायण यांनी ऑक्सफर्डला शिकत असलेल्या आपल्या मित्राला कळविले होते. मित्राने ती ग्रॅहम ग्रीन यांच्या हाती दिली आणि १९३५ मध्ये पुस्तक निघाले. त्याच वर्षी लंडनमध्येच मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ प्रसिद्ध झाली. बाखा नावाच्या सफाई कामगार तरुणाच्या आयुष्यातील एक दिवस तिने सांगितला. भारतीय इंग्रजी कादंबरीची ही दोन टोके एकाच वर्षी, एकाच शहरातून छापून बाहेर पडावीत हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. रोजच्या गावातले सौंदर्य टिपावयाचे ते कोणाच्या रोजच्या?

हा प्रश्न आपल्याकडे १९६० नंतर फार तीव्रतेने विचारला गेला. बाबूराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) वाचल्यावर मध्यमवर्गीय आळीतल्या गमतींकडे पूर्वीच्या निर्वेधपणे पाहणे शक्य उरले नाही. प्रस्तुत लेखकानेही त्या काळात वर्गात मालगुडीचा निकाल दोन वाक्यांत लावला होता: सोयीस्कर जग, वास्तवाकडे पाठ. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘इंडिया: अ वुंडेड सिव्हिलायझेशन’ची (१९७७) भर पडली. नारायण यांच्या कादंबऱ्यांमागे हिंदू निवृत्तीची, जगापासून अंग काढून घेण्याची वृत्ती आहे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मताला परदेशी दुजोरा मिळाल्याचे समाधान झाले.

ते मत बदलले एका विद्यार्थ्यामुळे. ‘स्वामी’मध्ये एक प्रसंग आहे. स्वामी, मणी आणि राजम ही तीन पोरे रस्त्यात एक बैलगाडी अडवितात. गाडी हाकणारा खेड्यातला करुप्पन त्यांच्याहून फारसा मोठा नाही. पुढचा मोरीपूल कच्चा आहे, आम्ही सरकारी पोलीस आहोत, असा दम देऊन ही मुले त्याला रडकुंडीस आणतात. मी तो प्रसंग विनोदाचा नमुना म्हणून वाचून दाखविला. वर्ग हसला. मागच्या बाकावरचा, खेड्यातून आलेला एक मुलगा म्हणाला, “सर, गाडीवाल्या पोराच्या जागी बसून वाचलं की हसू येत नाही.”

घरी येऊन मी ते पान पुन्हा वाचले. नारायण करुप्पनची कीव करीत नाहीत, पोरांना शिक्षाही करीत नाहीत. पण अधिकाऱ्याच्या मुलाच्या तोंडी ‘सरकार’ हा शब्द किती सहज येतो आणि गाडीवाल्या पोराला तो किती सहज खरा वाटतो, एवढे ते नेमके दाखवितात. बाखाचा दिवस मालगुडीत नाही, हा आक्षेप त्यामुळे नाहीसा होत नाही. तो आजही उभा आहे. परंतु पाहणे आणि पाठ फिरविणे यांतला फरक माझ्या दोन वाक्यांत मावला नव्हता.

‘द फायनान्शियल एक्स्पर्ट’ (१९५२) याच दृष्टीने वाचावी. सहकारी भूतारण बँकेच्या समोर, वडाच्या सावलीत, पत्र्याची पेटी घेऊन मार्गय्या बसतो. बँकेचेच छापील अर्ज तो खेडुतांना भरून देतो आणि कर्जावर कर्ज उभे करण्याची युक्ती शिकवितो. एका झाडाखाली, एका पेटीभोवती ग्रामीण पतव्यवहाराचे सारे यंत्र मांडलेले आहे: निरक्षर शेतकरी, अर्जांची भाषा, मधला माणूस, आत बसलेला चिटणीस. मार्गय्या श्रीमंत होतो, बुडतो, आणि शेवटी पुन्हा त्या पेटीपाशी येतो. आपल्या तालुक्याच्या गावी कचेरीसमोर अर्ज लिहून देणारे ज्याने पाहिले आहेत, त्याला या दृश्याचे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही. आपण त्यांच्या अंगावरून शेकडो वेळा गेलो असू. त्या पेटीत एक कादंबरी आहे असे मनात आले नाही, इतकेच.

मराठीत याला जवळचे काय? चिं. वि. जोशी यांचे चिमणराव त्याच तिशीच्या दशकातले, आणि जोशी बडोद्याला पाली शिकवीत. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) हेही एक गावच. परंतु ‘चाळी’चा शेवट गेल्या दिवसांच्या हुरहुरीत होतो. नारायण यांच्याजवळ ही हुरहुर जवळजवळ नाही. त्यांनी १९३० साली १९३० सालचेच गाव लिहिले. आज पॉल फर्नांडिस यांची १९६०-७० च्या दशकांतील बंगळूरची व्यंगचित्रे पाहताना मन प्रसन्न होते, पण ती हरवलेल्या शहराची चित्रे आहेत. मालगुडीलाही आता त्याच रांगेत बसविले जाते, आणि तो तिच्यावर अन्याय आहे.

या गैरसमजाला दूरदर्शनने नकळत हातभार लावला असावा. शंकर नाग यांनी ‘मालगुडी डेज’ (१९८६-८७) चित्रित केली ती पावसाने भिजलेल्या, कौलारू आगुंबे गावी. हा दिग्दर्शक मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेला. सप्टेंबर १९९० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षाआधीच, तो अपघातात गेला. मालिका सुंदर होती, हे निर्विवाद. मात्र मालगुडी म्हणजे हिरवेगार जुने खेडे, अशी प्रतिमा तिने लाखो घरांत रुजविली. नारायण यांची मालगुडी धुळीची, म्युनिसिपालिटीची, छापखान्यांची आहे. मालिकेपूर्वी तिला रूप दिले होते आर. के. लक्ष्मण या धाकट्या बंधूंच्या रेखाटनांनी. हे लक्ष्मण पुढे मुंबईत आयुष्यभर ‘कॉमन मॅन’ आणि कावळे काढीत राहिले. आपण पितृपंधरवड्याखेरीज ज्याची दखल घेत नाही त्या पक्ष्याचा डौल त्यांना रोज दिसत होता. दोघा भावांची दृष्टी एकच, असे मला वाटते.

मालिकेत मालगुडीचे स्थानक झालेल्या शिवमोग्गा जिल्ह्यातील अरसाळू येथे २०२० मध्ये संग्रहालय उघडले. म्हैसूरच्या मार्गावर ‘मालगुडी एक्स्प्रेस’ नावाची गाडीही सुरू झाली. कादंबरीत मात्र नारायण यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली आहे. त्यांना प्रथम दिसलेले ते स्थानक त्यांनी पुस्तकाच्या आरंभी ठेवले नाही. आरंभी आहे सोमवारची सकाळ आणि शाळेचा कंटाळा. स्थानक येते अगदी शेवटी. राजमच्या वडिलांची बदली झाली आहे, तो रुसलेला आहे, आणि स्वामी त्याला द्यावयास अँडरसनच्या परीकथांचे पुस्तक घेऊन फलाटावर आला आहे. गाडी सुटते. पुस्तक कसेबसे राजमच्या हाती पोहोचते. तो काहीतरी बोलला, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आले नाही.