दोन तासांची कूस

आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या पायथ्याशी एक चार्ट लावलेला असतो. डावी कूस, उताणं, उजवी कूस आणि प्रत्येकासमोर वेळ: आठ, दहा, बारा, दोन. वेळ झाली की सिस्टर आणि मामा मिळून नळ्या सांभाळत रुग्णाला वळवतात, पाठ बघतात, उशी लावतात, सही करतात. रुग्ण घरी आला की हाच नियम नातेवाइकांच्या गळ्यात पडतो. मात्र हे ‘दोन तास’ मोजून काढणारी प्रयोगशाळा शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. हा आकडा वॉर्डात जन्मला.

बेडसोर होतो तो हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जाऊन. बारीक रक्तवाहिन्या मिटतात, पेशी दबून-ताणून मरतात. माकडहाडाचा भाग आणि टाचा या त्याच्या ठरलेल्या जागा. धडधाकट माणसाला टोचलं की तो झोपेतही सरकतो. गुंगीचं औषध देऊन ठेवलेला रुग्ण सरकत नाही. त्यात रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेली औषधं त्वचेकडचा रक्तपुरवठा आणखी आखडतात. सूज, ताप, अंगाखालची ओल यांची भर पडते. काही व्रण तर आत, हाडालगत सुरू होतात आणि वर दिसेपर्यंत दोन-तीन दिवस निघून जातात.

दाब काढला पाहिजे, हे मात्र शल्यवैद्यांना फार पूर्वीच उमगलं होतं. 1569 मध्ये फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआज पारे एका उमरावावर उपचार करायला गेला. मांडीत गोळी लागून तो गृहस्थ महिनोन्महिने अंथरुणाला खिळला होता आणि त्याच्या पार्श्वभागावर तळहाताएवढी जखम झाली होती. पारेने गोळीच्या जखमेवर इलाज केलेच, पण सोबत स्वच्छ अंथरूण, सकस अन्न आणि जखम अधांतरी राहील अशी पिसांची छोटी उशीही करवून घेतली. मन रमावं म्हणून व्हायोलिनवादक बोलवायला लावले. उमराव बरा झाला. पुढे 1832 मध्ये नील आर्नट या स्कॉटिश डॉक्टरने पाण्याने भरलेल्या टाकीवर रबरी कापड अंथरून त्यावर रुग्णाला तरंगत ठेवण्याची खाट बनवली आणि तिचं पेटंट न घेता ती सर्वांना खुली ठेवली. आजच्या वॉटर बेडची ही पणजी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न उभा राहिला तो दोष कोणाचा, हा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये बेडसोरची जबाबदारी रोगावर न टाकता शुश्रूषेवर टाकली. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातला नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ शार्को नेमकं उलट सांगत होता: मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की त्वचेचं पोषणच बिघडतं, व्रण होणारच, आणि तो दिसला की शेवट जवळ आला असं समजावं. 1873 मध्ये लंडनच्या जेम्स पॅजेटने बेडसोर म्हणजे दाबामुळे शरीराच्या एखाद्या भागाचा झालेला मृत्यू, अशी सरळ व्याख्या केली. तरी शार्कोच्या मताचा दरारा टिकला. होणारच म्हटल्यावर टाळायची धडपड कोण करणार? पहिल्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण व्रणांतल्या आणि मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गाने दगावले.

ही हताशा मोडली लुडविग गुटमान यांनी. नाझी राजवटीतून निसटून 1939 मध्ये इंग्लंडला आलेले हे ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. फेब्रुवारी 1944 मध्ये स्टोक मँडविल रुग्णालयात कणा मोडलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू झाला, त्याची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्यांनी प्लास्टरच्या खाटा काढून टाकल्या आणि उशांच्या थरांवर रुग्ण ठेवले. हुकूम निघाला: दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येकाची कूस बदलायची. या कामासाठी माणसांच्या तुकड्या नेमल्या, आणि रात्री काम खरंच होतंय का ते पाहायला गुटमान स्वतः वॉर्डात हजर होत. दोनच तास का, याबद्दल परिचारिकांमध्ये एक दंतकथा आहे: तुकडीने पहिल्या खाटेपासून सुरुवात केली की शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचायला दोन तास लागत, मग पुन्हा पहिल्यापासून. कथा खरी धरा वा न धरा, तिच्यातला तर्क वॉर्डाचाच आहे. नेमलेली माणसं जेवढं निभावू शकतील तेवढं अंतर.

विज्ञान मागून आलं. मायकेल कोसियाक यांनी 1959 मध्ये कुत्र्यांवर आणि 1961 मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की थोडा दाब बराच वेळ राहिला तरी मांस मरतं आणि जास्त दाबाला थोडा वेळही पुरतो. उंदरांच्या स्नायूंमध्ये पाऱ्याच्या 70 मिलिमीटर दाबाने दोन तासांत कायमची इजा दिसली, आणि वॉर्डातल्या आकड्याला आयता शास्त्राधार मिळाला. त्याच 1961 मध्ये इंग्लंडमध्ये एक्स्टन-स्मिथ आणि शर्विन यांनी वृद्ध रुग्णांच्या रात्रभरातल्या हालचाली मोजल्या. रात्री पन्नासहून अधिक वेळा हलणाऱ्यांपैकी कोणालाही व्रण झाला नाही. वीस किंवा त्याहून कमी वेळा हलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना झाला. नर्स कूस बदलते तेव्हा शरीराचं हरवलेलं कामच ती करत असते, हे यातून स्पष्ट झालं. पुढच्याच वर्षी डोरीन नॉर्टन यांनी धोका आधीच ओळखण्यासाठी गुणतक्ता दिला. 1987 मध्ये आलेला ब्रेडन तक्ता त्याचाच वारस.

गाद्या सुधारल्या तसा आकडाही सैल झाला. 2005 मध्ये बेल्जियममधल्या अभ्यासात दाब पसरवणाऱ्या फोमवर चार तासांनी कूस बदललेल्यांना साध्या गादीवर दोन तासांनी वळवलेल्यांपेक्षा कमी व्रण झाले. 2014 मध्ये स्पेनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या 329 रुग्णांवर चाचणी झाली. आळीपाळीने फुगणाऱ्या एअर बेडवर दोन आणि चार तासांच्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. उलट दोन तासांच्या गटात श्वासनळीतली नळी निघण्याचे आणि तुंबण्याचे प्रसंग अधिक होते. म्हणजे आकडा गादीवर, त्वचेवर आणि रुग्णाला वळवणं कितपत झेपतं यावर ठरायला हवा.

तरी व्रण संपलेले नाहीत. 2018 च्या मे महिन्यात एकाच दिवशी 90 देशांतल्या 1,117 आयसीयूंमध्ये पाहणी झाली तेव्हा 13,254 रुग्णांपैकी 26.6 टक्के जणांना बेडसोर होते, आणि त्यांतले बरेचसे आयसीयूतच झालेले. अत्यवस्थ शरीरात काही व्रण सगळं करूनही होतात. तेवढ्यापुरतं शार्कोचं म्हणणं आज मान्य करावं लागतं. पण स्टोक मँडविलने शिकवलेली गोष्ट घड्याळाहून मोठी होती. तिथे नियमाआधी तो पाळणारी माणसं नेमली गेली. बेडसोर झाला की नर्सला जाब विचारायची रीत नाइटिंगेलच्या काळापासून चालत आली आहे. रात्रपाळीला किती हात ठेवायचे हे जो ठरवतो, त्यालाही तोच जाब विचारला पाहिजे.