शुभवर्तमान

शुभवर्तमान (पर्यायी रूपे: सुवार्ता, शुभवार्ता) ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत संकल्पना आहे. येशू ख्रिस्ताचे जीवन, वधस्तंभावरील मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्याद्वारे देवाने मानवाच्या तारणाचा मार्ग खुला केला, या घोषणेला ख्रिस्ती परंपरेत शुभवर्तमान म्हणतात. पुढे हीच संज्ञा बायबलच्या नव्या करारातील, येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांनाही लागू झाली. संदेश आणि ग्रंथ या दोन रूढ अर्थांपैकी संदेश हा अर्थ अधिक जुना आहे.

शब्दाचा उगम

मूळ ग्रीक शब्द 'युआंगेलिऑन' असून त्याचा अर्थ 'आनंदाची बातमी' असा होतो. ग्रीक-रोमन जगात युद्धातील विजय, सम्राटाचा जन्म किंवा राज्यारोहण अशा वार्तांसाठी हा शब्द वापरीत. आशिया मायनरमधील प्रिएने येथील इ.स.पू. ९ च्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसच्या जन्मदिनाच्या संदर्भात तो आढळतो. दुसरा स्रोत यहुदी धर्मग्रंथांचा आहे. यशयाच्या ग्रंथात देवाचे राज्य आणि बंदिवासातून सुटका यांची वार्ता आणणाऱ्या दूताचे वर्णन येते. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हा शब्द येशूसाठी वापरला, तेव्हा खरा राजा कोण, हा प्रश्नही त्यात अनुस्यूत होता.

येशूची घोषणा

मार्कच्या वृत्तांतानुसार, देवाचे राज्य जवळ आले आहे, म्हणून पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवावा, अशा आवाहनाने येशूने गालीलात आपल्या कार्यास आरंभ केला. लूकच्या वृत्तांतात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा उतारा वाचतो आणि दीनांना सुवार्ता व बंदिवानांना मुक्ती हे आपले कार्य असल्याचे सूचित करतो. येथे शुभवर्तमान म्हणजे प्रामुख्याने देवाच्या राज्याचे आगमन होय.

पौलाची मांडणी

या संज्ञेचा सर्वाधिक वापर प्रेषित पौलाच्या पत्रांत आढळतो. ही पत्रे चारही शुभवर्तमान-ग्रंथांहून जुनी आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल आपल्याला परंपरेने मिळालेला सारांश देतो: ख्रिस्त मानवाच्या पापांबद्दल मरण पावला, त्याला पुरण्यात आले, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला आणि अनेकांना दिसला.

या संदेशाचा व्यावहारिक अर्थ काय, यावर लवकरच वाद उद्भवला. यहुदी नसलेल्या श्रद्धावंतांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळावे, असा काहींचा आग्रह होता. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने त्यास कठोर विरोध केला. मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो, अशी त्याची भूमिका होती. ही अट लादल्यास शुभवर्तमानच बदलते, असे तो मानीत असे.

चार ग्रंथ

मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमाने चर्चने प्रमाण मानली आहेत. त्यांपैकी मार्कचा ग्रंथ सर्वांत जुना असून तो इ.स. ७० च्या सुमारास लिहिला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर याच्या लेखनात ही संज्ञा ग्रंथांसाठी अनेकवचनात येते. इ.स. १८० च्या सुमारास ल्योंचा बिशप आयरेनियस याने शुभवर्तमाने चारच असल्याचे आग्रहाने प्रतिपादिले. तरीही 'मत्तयकृत', 'मार्ककृत' या नामरचनेमागे शुभवर्तमान एकच असून त्याचे वृत्तांत चार आहेत, अशी कल्पना आहे.

उत्तरकालीन अर्थभेद

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने नियमशास्त्र आणि शुभवर्तमान यांत भेद केला. नियमशास्त्र मनुष्यास त्याच्या पापाची जाणीव देते, तर शुभवर्तमान क्षमेचे वचन देते, असे त्याचे मत होते. ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–१५६३) केवळ विश्वासाने तारण होते हे मत नाकारले आणि देवाच्या कृपेस मानवाने द्यावयाच्या प्रतिसादावर भर दिला. इ.स. १९९९ मध्ये कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या.

विसाव्या शतकात पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी मुक्तीचे धर्मशास्त्र मांडले. दारिद्र्य आणि शोषण यांपासून मुक्ती ही शुभवर्तमानापासून वेगळी करता येत नाही, असे या विचारधारेचे प्रतिपादन आहे. वैयक्तिक पापक्षमा आणि सामाजिक न्याय यांचे परस्परनाते हा आजही चर्चेचा विषय आहे.

मराठीतील शुभवर्तमान

इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले 'क्रिस्तपुराण' इ.स. १६१६ मध्ये छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र मराठी ओवीत सांगितले आहे. त्यानंतर मत्तयकृत शुभवर्तमानाचा मराठी अनुवाद विल्यम केरी यांच्या पुढाकाराने बंगालमधील सेरामपूर येथून इ.स. १८०५ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडिता रमाबाई यांनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. तो त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाला. नारायण वामन टिळक यांनी 'ख्रिस्तायन' हे येशूचरित्रपर महाकाव्य आरंभले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाई टिळक यांनी ते पूर्ण केले.