पायाच्या धमनीवरील शस्त्रक्रियेत नर्व्ह ब्लॉक

थोडे चालले की पोटरी भरून येते, थांबले की वेदना शमते, पुन्हा चालू लागले की पुन्हा तेच. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ही नेहमीची खूण. आजार बळावला की बसल्या जागीही पाय ठणकतो, बोटे काळवंडतात. मग पाय वाचवण्यासाठी जांघेतील धमनीपासून गुडघ्याच्या आसपासच्या धमनीपर्यंत रक्ताला नवी वाट करून द्यावी लागते. तीसाठी बहुधा रुग्णाच्याच पायातील लांब शीर वापरतात. ही बायपास शस्त्रक्रिया काही तास चालते.

अडचण भुलीची असते. ज्याच्या पायाच्या धमन्या बुजल्या, त्याच्या हृदयाच्या धमन्याही अनेकदा निरोगी नसतात. त्यात वय, मधुमेह आणि वर्षानुवर्षांची विडी-सिगारेट. संपूर्ण भूल अशा हृदयाला आणि फुप्फुसांना जड जाऊ शकते. कण्यातील भूल जुनी आणि विश्वासाची. जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये कोकेन वापरून ती दिली होती. मात्र तिने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. शिवाय रक्त गोठू न देणारी औषधे चालू असताना कण्यात रक्तस्राव झाला, तर मज्जारज्जूवर दाब येऊन दोन्ही पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून क्लोपिडोग्रेलसारखे औषध पाच ते सात दिवस आधी बंद करतात. काळवंडत चाललेल्या पायाला तेवढी सवड असतेच असे नाही.

अशा रुग्णांसाठी फक्त आजारी पाय बधिर करणारा नर्व्ह ब्लॉक हा एक पर्याय आहे. फेमोरल मज्जातंतू जांघेत धमनीच्या बाहेरच्या बाजूस, कातडीपासून फार खोल नसतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत भूलतज्ज्ञ त्याच्याभोवती रोपिव्हाकेन किंवा बुपिव्हाकेन सोडतात. येथे रक्त आलेच तर वरून दाबून थांबवता येते. सायाटिक मज्जातंतू नितंबात खोल असतो; तेथे ही सोय नाही, म्हणून शक्य असेल तेव्हा तो गुडघ्यामागे गाठतात. रुग्ण स्वतः श्वास घेत राहतो, पायाच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि शस्त्रक्रियेनंतरही काही तास वेदना जाणवत नाही.

पद्धत निर्दोष मात्र नाही. जांघेतील कातडीला पोटाच्या भिंतीतून येणारे वेगळे तंतू असतात; तेथे निराळे इंजेक्शन लागते. एकाहून अधिक ठिकाणी औषध द्यायचे म्हणून एकूण मात्रा काटेकोर मोजावी लागते. ती ओलांडली तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. त्यावरचे लिपिड इमल्शन हाताशी ठेवतात. ब्लॉक अपुरा पडला तर संपूर्ण भुलीचीही तयारी लागते. ब्लॉकमुळे मृत्यू वा हृदयविकाराचे झटके घटतात, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही.

सर्वांत जपायची ती पहिली रात्र. रक्त पुन्हा खेळू लागल्यावर पोटरीचे स्नायू सुजून आतल्या आत आवळले जाऊ शकतात. त्याची पहिली सूचना म्हणजे असह्य वेदना, आणि नेमकी तीच बधिरतेमुळे दडू शकते. म्हणून पोटरी कडक झाली का, पावलातील नाडी लागते का, हे पुन्हा पुन्हा तपासतात. मांडीचा जोर परतेपर्यंत रुग्णाला एकट्याने पलंगावरून उतरू देत नाहीत.