गुंठामंत्री

गुंठामंत्री (पु.) : बोलीतील उपहासवाचक शब्द. शेतजमीन गुंठ्या-गुंठ्याने विकून आलेल्या पैशावर गाडी, गळ्यातल्या साखळ्या आणि पुढारीपण मिरवणारा इसम. शब्द पुण्याच्या परिघावरचा : मुळशी, भोसरी, मोशी, चाकण. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. खाते एवढेच आणि थाट मंत्र्याचा, ही त्यातली गंमत.

पिंपरी-चिंचवड 1982 साली महापालिका झाली. 1997 साली मोशी, चऱ्होळी, वाकड वगैरे गावे हद्दीत आली. पुढे चाकणला मोटारींचे कारखाने उभे राहिले आणि ज्या बांधावरून भावकीत डोकी फुटत, त्याला चौरस फुटाचा भाव आला.

गुंठामंत्र्याचे दर्शन चौकातल्या फ्लेक्सवर घडते. कडक पांढरा सदरा, गॉगल, कानाला मोबाइल, नावाखाली ‘भावी नगरसेवक’. तळाशी शुभेच्छुकांचे चेहरे पोस्टाच्या तिकिटांसारखे ओळीने चिकटवलेले. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने (2018) या थट्टेची दुसरी बाजू दाखवली : जमीन विकून बसलेला बाप आणि गुन्हेगारीत शिरलेला मुलगा.

थट्टा विकणाऱ्यावरच थांबते, ही तिची सोय. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे 2025 पर्यंत एवढ्याशा तुकड्याचे खरेदीखत होत नसे. म्हणून व्यवहार नोटरीच्या शिक्क्यावर उरकायचा. कागद कच्चा आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक असायचे. ‘सगळ्यांचं होईल ते आपलं होईल’ म्हणून तो सुट्टी गाठून स्लॅब टाकायचा. वीजमीटर यायचा, घरपट्टी लागायची, आणि घरपट्टीची पावती हाच पुरावा म्हणून जपून ठेवला जायचा. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने जुने भूखंड नियमित करण्याची वाट काढली. 2021 साली ही सवलत 2020 अखेरपर्यंतच्या भूखंडांपर्यंत पुढे ओढली. कच्च्या कागदावर घर न बांधता थांबलेल्याचे नुकसान झाले नाही, पण थांबला तो शहाणा कसा म्हणावा?

2012 ते 2014 या काळात पिंपरी-चिंचवडचे आयुक्त श्रीकर परदेशी यांनी बेकायदा बांधकामांवर हातोडा चालवला. मुदतीआधीच त्यांची बदली झाली. बदलीला विरोध करायला नागरिक रस्त्यावर आले. ‘घरे वाचवा’ म्हणत आलेलेही नागरिकच होते. अशा बांधकामांवरचा शास्तीकर, म्हणजे मालमत्ता कराच्या दुप्पट दंड, 2023 साली माफ झाला. घरे कागदावर बेकायदाच राहिली.