झुडपी जंगल आणि घराचा कागद

'बेघर' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा पदपथ उभा राहतो, नागपूरच्या स्टेशनाबाहेर गोधडी पांघरून निजलेली माणसे दिसू लागतात. जनगणनेची कल्पनाही याहून फारशी निराळी नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्री, ज्यांच्या डोक्यावर छप्पर म्हणता येईल असे काही नव्हते त्यांची मोजदाद झाली. साऱ्या देशात अशी माणसे १७ लाख ७० हजारांच्या घरात निघाली. त्यांपैकी सुमारे २ लाख १० हजार महाराष्ट्रात होती. आधीच्या दहा वर्षांत खेड्यांतील बेघरांचा आकडा उतरला होता आणि शहरांतील चढला होता. या आकड्यांवरून कोणी असा निष्कर्ष काढील की चांदा आणि गडचिरोली या रानातल्या मुलखाला या प्रश्नाची झळ फारशी लागलेली नाही. आम्हांस तसे वाटत नाही. या मुलखात छप्पर नाही असा माणूस थोडा. छपराखालची भुई आपली नाही असा माणूस मात्र गावोगाव भेटतो. जनगणनेच्या रात्री तो घरात निजलेला असतो. म्हणून तो मोजला जात नाही.

हे असे का झाले, याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

या प्रदेशात घर बांधणे ही मुळी खर्चाची बाब नव्हती. सागाचे चार खांब, बांबूच्या ताट्या, त्यांवर मातीचा लेप, वर गवत किंवा कवेलू, एवढ्यावर संसार उभा राही. माणसे गावची, माल रानातला. मालगुजारीच्या काळात गावाची आबादी वेगळी असे, आणि कास्तकाराला, सुताराला, लोहाराला तीत घरापुरती जागा मिळे. रानातून घरापुरते लाकूड, सरपण, गवत आणण्याचा जो हक्क त्याला निस्तार म्हणत. गावच्या रीतीभाती 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दप्तरात लिहून ठेवलेल्या असत. मालगुजार दयाळू होते, असे आम्हांस सुचवायचे नाही. वेठ होती, जुलूम होता, आणि ती पद्धत गेली हे योग्यच झाले. पण घराची जागा हा गावात राहण्याचाच एक भाग होता. तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नसे.

३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेशातील मालगुजाऱ्या आणि जमीनदाऱ्या संपल्या. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. गावाभोवतीची पडीत, गवताची, खुरट्या झाडांची जमीन सरकारजमा झाली, आणि महसुली दप्तरात तिच्यावर निरनिराळ्या नोंदी चढल्या. त्यांतलीच एक नोंद 'झुडपी जंगल'. ही संज्ञा वनकायद्यात नाही. हलक्या जमिनीवर झुडपे वाढली आहेत, गुरे चारायला बरी, एवढाच तिचा अर्थ. कारकुनाने ती लिहिली तेव्हा या दोन शब्दांतला दुसरा शब्द पुढे केवढा भारी होणार आहे, हे त्याला कळण्याचे कारण नव्हते. वनखात्याचे राखीव जंगल वेगळे होते आणि ही जमीन महसूल खात्याच्या ताब्यात होती. गाव वाढले तसे ते साहजिकच या जमिनीवर सरकले. शाळा तिच्यावर झाली, दवाखाना झाला, कुठे स्मशान, कुठे तहसीलीची इमारत. आणि आबादीत जागा न उरलेल्या धाकट्या भावाने आपली झोपडीही तेथेच घातली.

याच काळात सरकार या रानात बेघरांना वसवीत होते, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणात आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येतच राहिले होते. बंगालात जागा नाही म्हणून १९५८ साली बस्तर आणि कोरापूट भागात दंडकारण्य योजना निघाली. पुढे जानेवारी १९६४ मध्ये खुलना, ढाका, नारायणगंज येथे दंगे झाले आणि माणसे पुन्हा हजारोंनी निघाली. रायपूरजवळच्या माना छावणीत त्यांचा पहिला मुक्काम पडे. तेथून निरनिराळ्या राज्यांत त्यांची वाटणी होई. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांना चांदा जिल्ह्याच्या दक्षिण भागात वसविण्यात आले. आज तो भाग गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत मोडतो. सुंदरनगर, विवेकानंदपूर, खुदिरामपल्ली, देशबंधुग्राम ही गावांची नावेच त्यांचा इतिहास सांगतात. नदीखाडीच्या, माशाभाताच्या मुलखातली ही माणसे सागाच्या रानात आणून ठेवली गेली. त्यांनी धानाची शेती केली, तळ्यांत मासे वाढवले, पोरांसाठी बंगाली शाळा मागून घेतल्या. तेव्हाचे सरकार त्यांना अतिक्रमक म्हणाले नाही. 'निर्वासित' या नावाखाली त्यांची नोंद झाली, आणि त्या नावाला जमीन होती, घरासाठी मदत होती, रान मोकळे करून देण्याची तयारी होती.

या कामाबद्दल सरकारला श्रेय दिलेच पाहिजे. पण ज्या रानाला कागदावर 'रिकामे' म्हटले गेले ते रिकामे नव्हते. माडिया आणि गोंड लोक तेथे फिरती शेती करीत, मोहफूल वेचीत, गुरे चारीत. त्यांच्याजवळ पट्टा नव्हता, म्हणून त्यांचा वापर दप्तराला दिसला नाही. एका बेघराला घर देताना दुसऱ्याच्या पायाखालची जमीन हलली, आणि दोघांनाही ते कोणी समजावून सांगितले नाही. तरी पुढे साठ वर्षे हे लोक शेजारी म्हणून नांदले, बाजारात एकमेकांची भाषा शिकले, हे विसरून चालणार नाही. दंडकारण्यातील इतर छावण्यांची कथा याहून दुःखाची आहे. १९७८ साली तेथून हजारो कुटुंबे सुंदरबनाकडे परत निघाली, आणि १९७९ मध्ये मरिचझापी बेटावर त्यांची नाकेबंदी होऊन मे महिन्यात त्यांना बळाने हाकलण्यात आले. ज्या सरकारच्या पक्षाने पूर्वी त्यांची बाजू घेतली होती त्याच्याच राजवटीत हे घडले.

१९८० नंतर वारे फिरले. त्या वर्षीच्या २५ ऑक्टोबरपासून वनसंवर्धन कायदा लागू झाला, आणि वनजमीन दुसऱ्या कामाला लावायची तर केंद्राची परवानगी आवश्यक ठरली. बेसुमार तोडीला आळा बसावा हा त्याचा हेतू होता. तो चांगला होता आणि आजही आहे. पण १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की सरकारी दप्तरात जी जमीन वन म्हणून नोंदलेली आहे ती, मालकी कोणाचीही असो, या कायद्यापुरती वनच होय. चाळीसपन्नास वर्षांपूर्वी लिहिलेला 'जंगल' हा शब्द येथे जागा झाला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगलापैकी वनव्यवस्थेला अयोग्य म्हणून राज्याने बाजूला काढलेली जमीनच ८६,४०९ हेक्टर भरते. तिच्यावर ज्याचे घर होते त्याचे नाव कायद्याच्या भाषेत एका दिवसात पालटले.

आता घरकुलांकडे पाहू. १९८५ साली इंदिरा आवास योजना आली. २०१६ पासून तिच्या जागी पंतप्रधान आवास योजना आली. तीत सपाटीच्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ वा दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळू लागले. राज्याच्या रमाई आणि शबरी योजना आहेतच. या योजनांनी पुष्कळ घरे उभी केली, यात शंका नाही. पण या सर्वांची पहिली अट एकच, जागा तुमची असली पाहिजे. म्हणजे ज्याची अडचण जागेचीच आहे तो दारातच अडखळतो. सरकारला हे कळले नव्हते असे नाही. २०१५ साली जागा विकत घेण्यासाठी ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्याची योजना निघाली. २०१८ साली सरकारी जमिनीवरील २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण वनजमीन राज्याला आपल्या अधिकारात देता येत नाही, म्हणून झुडपी जंगलातले घर त्या सवलतीबाहेर राहिले. मुलचेऱ्याच्या वसाहतींत आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणवत नाही. तेथील बहुसंख्य लोक नमःशूद्र आहेत. बंगालात ती अनुसूचित जाती आहे; महाराष्ट्राच्या यादीत नाही. तेव्हा रमाई योजनेचे दारही त्यांना बंदच.

इकडे ग्रामपंचायत मात्र घराची नोंद नमुना ८ मध्ये करते आणि वर्षाला कर घेते. दिवाबत्ती आहे, नळ आहे, मतदारयादीत नाव आहे. पंचायतीला विचारावे तर ती म्हणते, जमीन महसुलाची. महसूल म्हणतो, नोंद जंगलाची. वनखाते म्हणते, ताबा आमच्याकडे कधी आलाच नाही. तिघेही खरेच बोलतात. शहरात थोडी निराळी तऱ्हा. लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा असावा असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. चंद्रपूरची वस्ती २०११ साली ३ लाख २० हजार होती, म्हणजे या हिशेबाने तीन हवेत. पण कोळशाच्या खाणींमागे आलेला मजूर रात्रनिवाऱ्यात संसार मांडू शकत नाही. तो नदीकाठची किंवा नाल्यालगतची जागा धरतो, आणि इरईला पूर आला की त्याला शाळेत हलविले जाते. पाणी ओसरले की तो परत त्याच जागी येतो.

वनहक्क कायद्याने २००६ साली एक वेगळी वाट काढली, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातील ते सर्वांत शहाणपणाचे पाऊल आहे. त्यात राहत्या घराचा हक्क मानला गेला. एवढेच नव्हे, त्याच्या नियमांत पुरावा म्हणून करपावती चालते, झोपडी स्वतःच चालते, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. गडचिरोली जिल्ह्यातच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टरांचा सामूहिक हक्क मिळाला, तो याच कायद्याने. २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून, अनुसूचित क्षेत्रात गावालगतच्या वनजमिनीवर घरे बांधण्याची तरतूद केली. जागेअभावी कुटुंबे गाव सोडून जाऊ नयेत हा हेतू होता. तरी कायद्याला कड आहेच. आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो, तोही १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा. १९६४ साली ज्याला सरकारनेच आणून वसविले त्याची त्या दिवशी ४१ वर्षे भरली होती.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाचा निकाल दिला. जमीन वनच मानली गेली. पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने जिचे वाटप केले आहे तिला केंद्राची मंजुरी मिळण्याचा मार्ग खुला झाला. अनेक गावांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. आम्हांस मात्र त्या निकालातील 'वाटप' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. तहसीलीच्या इमारतीला वाटपाचा आदेश असतो, शाळेला असतो. धाकट्या भावाने झोपडी घातली तेव्हा त्याने आदेश मागितला नव्हता. गावाने होकार दिला आणि तो राहू लागला. त्याच्याजवळ आहेत त्या पंचायतीच्या पावत्या, पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवलेल्या, काहींना वाळवी लागलेली. वनहक्काच्या दाव्यात त्या पुराव्यात धरतात. या नव्या यादीत धरतील की नाही, हे यादी करणाऱ्या तहसीलदाराला ग्रामसभेने आजच लेखी विचारले पाहिजे, आणि उत्तरही लेखीच घेतले पाहिजे.