आशियातील सर्वोत्तम स्कूबा डायव्हिंग स्थळ कोणते?

आशिया खंडात स्कूबा डायव्हिंगसाठी सर्वोत्तम ठिकाण कोणते, या प्रश्नावर पाणबुड्यांमध्ये आजवर एकमत झालेले नाही. इंडोनेशियातील राजा अंपत, मलेशियाचे सिपादान, फिलिपिन्समधील तुब्बाताहा, मालदीवची कंकणद्वीपे आणि लाल समुद्रातील रास मोहम्मद ही नावे निरनिराळ्या याद्यांमध्ये आलटून पालटून वरच्या क्रमांकावर दिसतात. मतभेद आवडीनिवडीचे आहेतच. परंतु त्याहून अधिक ते निकषांचे आहेत. जीवजातींची संख्या मोजायची, मोठे प्राणी दिसण्याची शक्यता पाहायची, की प्रवाळ अजून किती शाबूत आहे हे पाहायचे, यानुसार उत्तर बदलते.

पाठीवरील टाकीत दाबाखाली भरलेल्या हवेवर श्वास घेत पाण्याखाली संचार करणे म्हणजे स्कूबा डायव्हिंग. हौशी पाणबुड्यांसाठी ४० मीटर ही सर्वसाधारण कमाल मर्यादा मानली जाते; नवशिक्यांसाठी ती बरीच कमी असते. प्रवाळ आणि मासे यांची सर्वाधिक गर्दी याच उथळ थरात असते, कारण सूर्यप्रकाश तेथपर्यंत पोहोचतो.

राजा अंपतचा दावा

जैवविविधता हा एकच निकष धरला, तर वाद फारसा उरत नाही. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, पूर्व तिमोर, पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटे या सहा देशांच्या सागरी पट्ट्याला ‘प्रवाळ त्रिकोण’ म्हणतात. जगातील ज्ञात प्रवाळजातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती येथे आढळतात. या त्रिकोणाच्या मध्यभागी राजा अंपत हा द्वीपसमूह आहे. नावाचा अर्थ ‘चार राजे’. त्यातील ‘राजा’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. वायगेओ, बतांता, सलावती आणि मिसूल ही त्यातील चार मोठी बेटे. मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन यांनी येथील केप क्री या ठिकाणी २००१ साली एकाच बुडीत माशांच्या २८३ जाती मोजल्या होत्या. २०१२ साली त्यांनी त्याच ठिकाणी ३७४ जातींची नोंद केली.

मात्र राजा अंपत आशियात मोडते का, असा प्रश्न काहीजण उपस्थित करतात. राजकीयदृष्ट्या तो इंडोनेशियाचा, म्हणजे आशियाई देशाचा भाग आहे. भूगोलाच्या दृष्टीने मात्र तो न्यू गिनी बेटाला लागून आहे. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८६० साली वायगेओ बेटावर नंदनपक्ष्यांच्या शोधात राहिले होते. आशियाई आणि ऑस्ट्रेलियाई प्राण्यांमधील जी सीमारेषा त्यांच्या नावाने ओळखली जाते, तिच्या पूर्वेस हे बेट येते. माशांना अर्थातच ही रेषा ठाऊक नाही. याउलट रास मोहम्मद हे इजिप्त या आफ्रिकी देशात असूनही सिनाई द्वीपकल्पाच्या टोकावर, म्हणजे भूगोलानुसार आशियात आहे.

या वादापेक्षा अधिक गंभीर प्रश्न राजा अंपतच्या भवितव्याचा आहे. मार्च २०१७ मध्ये ‘कॅलेडोनियन स्काय’ हे पर्यटक जहाज तेथील प्रवाळावर चढले आणि मोठे क्षेत्र चिरडले गेले. बेटांवरील निकेलच्या खाणींमुळे गाळ समुद्रात उतरण्याची भीती व्यक्त झाली, तेव्हा जून २०२५ मध्ये इंडोनेशिया सरकारने पाचपैकी चार कंपन्यांचे परवाने रद्द केले. निकेल विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी लागते. स्वच्छ ऊर्जेची मागणी आणि समुद्राचे रक्षण येथे परस्परांसमोर उभे आहेत.

दार बंद ठेवणारी बेटे

सिपादान हे बोर्निओच्या ईशान्येस, समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर उंच उठलेले छोटेसे बेट आहे. किनाऱ्यापासून काही पावलांवर प्रवाळाची भिंत एकदम खोल जाते. कासवे आणि बराकुडा माशांचे भोवऱ्यासारखे फिरणारे थवे ही त्याची ओळख. बेटाच्या मालकीवरून मलेशिया व इंडोनेशियात वाद होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये मलेशियाच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी एप्रिल २००० मध्ये अबू सय्याफ या संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी येथून २१ जणांचे अपहरण केले होते. पुढे २००४ अखेर बेटावरील सर्व निवासस्थाने हटवण्यात आली आणि दररोज केवळ १२० पाणबुड्यांना परवाना देण्याची पद्धत सुरू झाली. ही संख्या नंतर वाढवण्यात आली, परंतु मर्यादेचे तत्त्व कायम राहिले.

तुब्बाताहा येथे निसर्गच मर्यादा घालतो. सुलू समुद्रातील हे प्रवाळक्षेत्र पोर्तो प्रिन्सेसा शहरापासून सुमारे १५० किलोमीटर दूर आहे. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच समुद्र शांत असतो; त्या काळात बोटीवरच मुक्काम करून तेथे जाता येते. १९८८ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९३ मध्ये जागतिक वारसास्थळ झालेल्या या क्षेत्रात मासेमारीस पूर्ण बंदी आहे. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी नौदलाची ‘गार्डियन’ ही युद्धनौका येथे रुतली. २,३४५ चौरस मीटर प्रवाळ नष्ट झाला आणि अमेरिकेला नुकसानभरपाई द्यावी लागली. रक्षणाचा विचार करता तुब्बाताहाचा दावा राजा अंपतपेक्षाही बळकट म्हणावा लागेल.

फिलिपिन्समधीलच अपो बेटाची गोष्ट वेगळी आहे. तेथे बंदी वरून लादली गेली नाही. सागरी जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांच्या प्रयत्नांतून १९८० च्या दशकात गावातील मच्छीमारांनीच किनाऱ्याचा एक तुकडा राखीव ठेवला. काही वर्षांत राखीव भागात मासे वाढले आणि बाहेरच्या जाळ्यांतही त्याचा लाभ दिसू लागला. मालदीवमध्ये तर हनिफारू या उपसागरात, जेथे मांटा जातीचे राक्षसी पाकट शेकड्याने जमतात, स्कूबा डायव्हिंगलाच मनाई आहे. तेथे पृष्ठभागावर पोहूनच ते पाहावे लागतात.

प्रवाळाशिवायही काही ठिकाणे नामांकित आहेत. सुलावेसीजवळील लेंबे सामुद्रधुनीत तळाशी काळी ज्वालामुखीय वाळू आहे. प्रथमदर्शनी निराशा करणाऱ्या या वाळूत बोटाच्या पेराएवढे समुद्रघोडे आणि रूप बदलणारे अष्टपाद दडलेले असतात. सिनाईजवळ ‘थिसलगॉर्म’ या ब्रिटिश मालवाहू जहाजाचे अवशेष सुमारे ३० मीटर खोलीवर आहेत. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बुडवलेल्या या जहाजात मोटारसायकली आणि मालमोटारी आजही दिसतात.

भारताचे स्थान

अशा याद्यांत भारताचे नाव क्वचितच वर येते. तरीही अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पूर्वीचे हॅवलॉक, येथील पाणी स्वच्छ व उबदार आहे. ऑक्टोबर ते मे हा तेथील योग्य काळ. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, येथून बोटीने तेथे पोहोचता येते. लक्षद्वीपमध्ये कदमत, बंगाराम आणि अगत्ती ही बेटे पाणबुड्यांना परिचित आहेत. प्रवेशासाठी पूर्वपरवाना आवश्यक असतो.

दोन्ही द्वीपसमूहांना समुद्राच्या वाढत्या तापमानाचा मोठा फटका बसला आहे. पाणी अधिक काळ तापले की प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उष्णता टिकली तर मरतो. २०१० साली अंदमानात असेच घडले. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हे संकट आले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातील चौथ्या सार्वत्रिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा केली. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या वर्णनावर विसंबून प्रवास ठरवणे आता योग्य नाही. स्थानिक केंद्राला विचारून कोणता भाग जिवंत आहे याची खात्री करून घ्यावी. शेवटची बुडी आणि परतीचे विमान यांत किमान १८ तासांचे अंतर ठेवावे, हेही प्रवासाचा आराखडा करताना अनेकदा विसरले जाते.

महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्राला १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथे दृश्यमानता अनेकदा काही मीटरच असते, पावसाळ्यात सारे बंद असते, आणि आग्नेय आशियाशी तुलना करण्याचे कारणही नाही. परंतु पोहता न येणारी व्यक्तीही प्रशिक्षकाच्या आधाराने येथे प्रथमच पाण्याखाली श्वास घेते. राज्यातील सर्वाधिक समृद्ध मानला जाणारा प्रवाळ मात्र त्याहून दूर, विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर आहे. त्याचा माथा सुमारे २० मीटर पाण्याखाली असून भोवती कोठेही बेट नाही. अनुभवी पाणबुडे आणि संशोधक वगळता तेथे फारसे कोणी पोहोचत नाही.