हार्बर लाइनवरचा एक इतिहास : बौद्धिक दिव्यांग आणि विज्ञानातली जागा

‘पेट झाली, आता सिनॉप्सिस कशावर लिहू?’ असे मेसेज या महिन्यात बरेच आले. त्यातल्या दोघांना बौद्धिक दिव्यांग मुलांवर काम करायचंय. त्यांच्यासाठी, आणि खरं तर तुम्हा सगळ्यांसाठीच, आज थोडा इतिहास सांगते. प्रश्न साधा आहे: बौद्धिक अक्षमता असलेली माणसं विज्ञानात करिअर करताना का दिसत नाहीत? ‘त्यांना जमणारच नाही’ हे उत्तर आपल्याकडे तयार असतं. ते आलं कुठून, ते बघू.

नवी मुंबईत राहत असाल तर हा इतिहास तुमच्या रोजच्या लोकलच्या वाटेवरच आहे. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचं, म्हणजे एनआयईपीआयडीचं, प्रादेशिक केंद्र आहे. गाडीने वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द. तिथे १९४१ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी बालगृह सुरू केलं. पुढे शिवडीला जय वकील शाळा. १९४४ मध्ये वकील दांपत्याने ती स्वतःच्या मुलीच्या गरजेतून सुरू केली. आणि याच मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही आहे, जिथे ऑलिम्पियाडची मुलं तयार होतात. स्टेशन एकच. कोणत्या मुलाने कुठल्या फाटकातून आत जायचं, हे मात्र एका आकड्याने फार लवकर ठरतं.

तो आकडा म्हणजे बुद्ध्यांक. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी पहिली चाचणी बनवली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत देता यावी म्हणून. बुद्धी ही कायमची ठरलेली गोष्ट आहे, हे बिनेला मान्यच नव्हतं; १९०९ च्या पुस्तकात त्याने तसं मानणाऱ्यांवर टीका केली. पण चाचणी अमेरिकेत गेली आणि तिथे ती शिक्का मारायच्या कामाला आली.

आपल्याकडे ती आणणारे व्ही. व्ही. कामत. धारवाड तेव्हा मुंबई प्रांतात होतं. तिथल्या कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर त्यांनी बिनेची चाचणी बेतली. त्यावरचा त्यांचा लेख १९३४ चा, पुस्तक १९४० चं. म्हणजे मानखुर्दचं बालगृह उघडायच्या आधीच मराठी मुलाला मोजायची फूटपट्टी तयार होती! पुढे नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात ए. जे. मालिन यांनी वेश्लरच्या चाचणीचं भारतीय रूप केलं. बिने-कामत आणि मालिन, दोन्ही नावं आजही दिव्यांग प्रमाणपत्राच्या कामात भेटतात.

जुन्या पद्धतीचं गणित सोपं आहे. मूल १० वर्षांचं आहे आणि ६ वर्षांच्या मुलाला जमतील इतकेच प्रश्न त्याने सोडवले, तर ६ भागिले १० गुणिले १००, बुद्ध्यांक ६०. ७० च्या खाली गेला आणि रोजच्या व्यवहारातही अडचण असली की बौद्धिक अक्षमता. आता तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून विचारा की या आकड्याने मोजलं काय. भाषा, स्मरण, शाळेत मिळालेला सराव, हे बऱ्यापैकी मोजलं जातं. चिकाटीने रोज एकच निरीक्षण करणं यात कुठे मोजलंय? मला तरी सापडलं नाही. कामतांना दोष देत नाहीये. परदेशी प्रश्न आपल्या मुलांना तसेच्या तसे विचारू नयेत, एवढं त्यांना नव्वद वर्षांपूर्वी कळत होतं. अडचण पुढच्यांनी केली, मदतीसाठीचा आकडा फाटकावर लावून.

विशेष शाळेत शिकवलं जातं ते पैसे मोजणं, घड्याळ, बस नंबर. ते गरजेचंच आहे. अठरा वर्षांनंतर कार्यशाळा: मेणबत्त्या, पाकिटं, पणत्या. दिवाळीत आपणही घेतो. प्रयोगशाळा या वाटेवर येतच नाही. कायद्यानेही उशीरच केला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांत ‘मतिमंदत्व’ होतं, पण सरकारी नोकरीतलं ३ टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि हालचालींशी संबंधित अपंगत्वांनाच होतं. बौद्धिक अक्षमतेचं नाव नोकरीच्या आरक्षणात आलं ते २०१६ च्या कायद्यात, तेही ऑटिझम, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत एका टक्क्यात.

गंमत म्हणजे, विज्ञानाला ही माणसं नेहमीच हवी होती, फक्त टेबलाच्या पलीकडे. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अल्झायमरमधलं अमायलॉइड प्रथिन वेगळं केलं आणि डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतही ते दाखवलं. त्यावरून संबंधित जनुक २१ व्या गुणसूत्रावर असावं असा अंदाज बांधला गेला, आणि १९८७ मध्ये ते तिथेच सापडलं. अल्झायमरच्या संशोधनाचा एक मोठा धागा या लोकांच्या शरीरातून गेलाय.

टेबलाची बाजू बदलल्याची उदाहरणं आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या स्पेनच्या पाब्लो पिनेदाने मालागा विद्यापीठातून शैक्षणिक मानसशास्त्राची पदवी घेतली. ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेले लोक सहसंशोधक म्हणून प्रश्न ठरवतात, मुलाखती घेतात. वॉल्म्सली आणि जॉन्सन यांचं २००३ चं पुस्तक यावरच आहे. सगळे पीएचडी करतील असं मी म्हणत नाही. पण विज्ञानातली सगळी कामं पीएचडीवाले करतात का? तुमच्या लॅबमध्ये कल्चर कोण सांभाळतं, आठवा.

साहित्य शोधताना एक सांभाळा. ब्रिटिश लेखांत ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे बौद्धिक अक्षमता. आपल्याकडे त्याच शब्दांनी डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता समजतात. मी पहिल्या वर्षी हे गोंधळून चाळीसेक पेपर चुकीच्या फोल्डरमध्ये टाकले होते. आणि ‘मेंटल रिटार्डेशन’ हा शब्द तुम्ही लिहू नका, पण शोधताना टाका, जुनं सगळं त्याखालीच आहे.

आता माझं. एका कार्यशाळेत मी मूग उगवण्याचा साधा प्रयोग ठेवला होता, सहा कप, तीन उजेडात, तीन अंधारात. नोंदी ठेवायला एकोणीस वर्षांचा एक मुलगा तयार झाला. त्याला सेंटिमीटर वाचता येत नाही, म्हणून रोज मोडाच्या उंचीएवढी रंगीत सुतळी कापून तो वहीत चिकटवायचा. बारा दिवसांत एक दिवस चुकला नाही. माझ्या वहीत दोन रविवार कोरे आहेत. ‘ताई, हे राहिलं,’ त्यानेच दाखवलं.

नैतिकता समितीच्या अर्जात दोनच रकाने होते, ‘संशोधक’ आणि ‘सहभागी’. मी त्याला ‘सहभागी’मध्ये टाकलं होतं, पालकांच्या सहीसकट. पण त्या सुतळ्या माझा डेटा आहेत आणि तो गोळा केलाय त्याने. गाइडशी बोलून तिसरा रकाना हाताने आखला, ‘सहसंशोधक’, आणि सोप्या मराठीत, चित्रांसह त्याच्यासाठी वेगळं संमतीपत्र जोडलं. समितीने अर्ज एकदा परत पाठवलाय. पुढच्या महिन्यात पुन्हा देतेय.